तूप सुटू नये म्हणून

शोनफेल्ड, मॅनिटोबा
११ नोव्हेंबर २०१८

प्रिय फ्रान्झ,

गेल्या नाताळच्या कार्डावर जो पत्ता होता त्यावरच हे पाठवतेय. तू अजून तिथेच असशील अशी आशा. आम्ही आहोत तिथेच आहोत.

यंदा बर्फ लवकर आलं. सूर्यफुलं त्याआधी निघाली, मागच्या पट्टीतली थोडी राहिली ती हरणांनी खाल्ली. जमीन आता पेनरची मुलं कसतात. तुझी अगानेथा आत्या अजून रोज सकाळी येते, माझ्या स्वयंपाकघरात काय काय चुकतंय ते सांगते आणि जाते.

आता कामाचं लिहिते. माझे गुडघे फार दुखतात. जिना चढताना मध्येच बसावं लागतं. म्हणून विचारते, रागावू नकोस: गांजाचं लोणी कसं करतात? तू तिकडे डोंगरात आजारी माणसांसाठी ते करतोस असं कानावर आलं होतं. मी कोणाला बोलले नाही. आता तर तो गुन्हाही राहिला नाही. मी स्वतः विनिपेगला जाऊन दुकानातून आणला. काउंटरवरची मुलगी माझ्या डोक्यावरच्या रुमालाकडे बघत राहिली. म्हणाली, "आजी, ओढायचाय की खायचाय?" मी म्हटलं, "पावात घालायचाय." ती म्हणाली, "मग लोणी करा, पण जपून." कसं करायचं ते तिला धड सांगता येईना. मागे रांग होती.

तुझ्या बाबांना मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते असं सांगितलंय. ते बरे आहेत. हल्ली शेडमध्ये फारसे जात नाहीत. वय झालं.

हे मी तुला विचारावं, आणि ह्या घरातून विचारावं, हे कसं दिसतं ते मला कळतं. तरी विचारते आहे.

तुझी आई


नेल्सन, ब्रिटिश कोलंबिया
२६ नोव्हेंबर २०१८

आई,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. पाकिटावर तुझं अक्षर पाहून आधी वाटलं कोणी गेलं.

गुडघ्यांना चोळायला मलम मिळतं. लोणी कशाला हवं ते कळलं नाही, पण तू विचारलंस म्हणून सांगतो.

फूल कच्चं वापरायचं नाही. आधी ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकं भाजून घ्यायचं, नाहीतर गुण लागत नाही. मग लोणी वितळवून, त्यात थोडं पाणी घालून, त्यात ते फूल मंद शिजू द्यायचं. उकळी येऊ द्यायची नाही. तू हाडांचा रस्सा करतेस तशी आच. मग फडक्यातून गाळायचं, पिळायचं नाही, पिळलं की कडू उतरतं. गार झालं की लोण्याची वडी वर येते आणि पाणी खाली राहतं. पाणी फेकून दे.

मग ती वडी हळूच वितळवून तिच्यात लेसिथिन घाल. एक वाटी लोण्याला एक मोठा चमचा. तुझ्या कपाटात असेल, पाव मऊ राहावा म्हणून तू घालायचीस ती पिवळी भुकटी. सूर्यफुलाचं मिळालं तर उत्तम. हे विसरू नकोस.

पहिल्यांदा नखाएवढं खा. मग दोन तास काही खाऊ नकोस. काही झालं नाही म्हणून लगेच आणखी घ्यायचं नाही. सगळे तिथेच फसतात.

बाबांना माहीत आहे का?

फ्रान्झ


शोनफेल्ड
१६ डिसेंबर २०१८

प्रिय फ्रान्झ,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी टपालपेटीपाशीच उभी राहून वाचलं, बोटं गोठली तरी.

लोणी केलं. सगळं तू सांगितलंस तसंच. तुझे बाबा आणि अगानेथा डॉक्टरकडे गेले होते तेव्हा केलं, आणि वास जावा म्हणून नंतर कोबी शिजवला. अगानेथा आल्या आल्या म्हणाली, "कोबी जाळलास की काय?" मी म्हटलं, हो. आयुष्यात पहिल्यांदाच मला कोबी जाळल्याचा आनंद झाला.

ती पिवळी भुकटी मात्र घातली नाही. डबा रिकामा होता, आणि खरं सांगू, मला वाटलं तरुण लोकांची हौस असेल. लग्न होऊन आले तेव्हापासून मी लोणी काढतेय, त्यात कधी भुकटी लागली नाही. वडी कशी घट्ट, हिरवट, सुंदर आली होती. चांगल्या लोण्यात आपण मीठ सोडून काही घालत नाही.

नखाएवढ्याने काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दोन नखं घेतली आणि गुण आला. परवा तर रात्रभर शांत झोप लागली, एकदाही कण्हले नाहीत. सकाळी टेबलाशी बसून पवित्र शास्त्र वाचलं, पूर्ण अध्याय, मोठ्याने. मला वाटलं जुने दिवस आले. अगानेथासुद्धा म्हणाली, डॉक्टरने शेवटी काहीतरी बरं दिलेलं दिसतंय.

आता पावाला नुसतं लावण्यापेक्षा पिठातच घालून त्स्वीबाकचे बन करणार आहे. नुसत्या लोण्याला गवताची चव येते.

नाताळच्या शुभेच्छा. तुझ्याकडे झाड आणतात की नाही मला माहीत नाही.

तुझी आई


नेल्सन
३ जानेवारी २०१९

आई,

"एकदाही कण्हले नाहीत." कोण कण्हले नाहीत?

गुडघे तुझे, मग शास्त्र मोठ्याने कोणी वाचलं? तू कधी मोठ्याने वाचत नाहीस. डॉक्टरकडे बाबा का गेले होते?

मी अंदाज करतो. बाबा आजारी आहेत, चांगलेच आजारी आहेत. डॉक्टरांच्या गोळ्या ते घेत नाहीत, कारण त्या घेतल्या की डोकं ठिकाणावर राहत नाही. आणि तू त्यांना न सांगता पावाला लावून देतेस. चुकत असेन तर लिही.

चुकत नसेन तर आजच त्यांना सांग. मी इथे रोज हे करतो. माझ्याकडे म्हातारी माणसं येतात, काही तर चार महिन्यांची सोबती असतात. पण माझ्या हातातून घेताना प्रत्येकाला माहीत असतं की आपण काय खातोय. न सांगता मी माझ्या कुत्र्यालाही दिलं नसतं.

आणि लेसिथिन. हौस नाही ती. ह्या झाडाचा गुण पाण्यात उतरत नाही, तो स्निग्धातच राहतो. आणि लोणी नुसतं तूप नसतं, त्यात पाणी असतं. त्स्वीबाकच्या पिठात तर दूधही असतं. वितळलं की तूप एकीकडे, पाणी दुसरीकडे. मग एका बनाच्या वाट्याला सगळं तूप जातं आणि दुसरा कोरा राहतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. लेसिथिन तुपालाही धरतं आणि पाण्यालाही, म्हणून सगळीकडे सारखं पसरतं. अंड्याचा पिवळा बलक घातल्यावर तेल आणि व्हिनेगर एक होतात ना, तेच. काही लोक म्हणतात त्याने गुण जास्त चढतो. मला खात्री नाही. पण सारखा लागतो, एवढं नक्की.

लेसिथिन न घालता त्स्वीबाक करू नकोस. केले असतील तर कोणाला देऊ नकोस.

फ्रान्झ


शोनफेल्ड
८ जानेवारी २०१९

फ्रान्झ,

तुझं पत्र आज आलं. दोन दिवस उशिरा आलं. टपालाची चूक नाही.

तुझा अंदाज बरोबर आहे. तुझ्या बाबांना वसंतापासून कर्करोग आहे. तो आता हाडांत गेलाय, पाठीत आणि मांडीत. मॉर्फिन घेतलं की त्यांना अगानेथा आणि मी वेगळ्या ओळखू येत नाहीत. एकदा ते शास्त्र उलटं धरून बसले होते. त्या दिवशी गोळ्यांची बाटली त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हे ठेव. दुखणं परवडलं." ते परवडत नव्हतं. मला ऐकू यायचं.

रविवारी उपासनेनंतर अगानेथा दुपारच्या फास्पाला आली होती. कॉफी, चीज, आलुबुखाराचा मुरंबा आणि त्स्वीबाक. तुझ्या बाबांचे वेगळ्या ताटलीत होते.

"ह्याचे वेगळे का?" अगानेथाने विचारलं.

"मीठ कमी घातलंय."

"माझा रक्तदाब त्याच्यापेक्षा जास्त आहे, मला कोणी वेगळं करत नाही," ती म्हणाली. हात पुढे करत होती, मी ताटली बाजूला सरकवली. देवाची दया.

काही बनांच्या बुडाला तूप सुटलेलं मी पाहिलं होतं. खालचा कागद तेलकट झाला होता. मला वाटलं ओव्हन जास्त तापला. आदल्या दिवशी त्यांनी त्यातलाच एक खाल्ला होता आणि काहीही झालं नव्हतं, म्हणून त्या दिवशी मी दोन दिले.

तासाभराने त्यांनी विचारलं, "युस्टिना, घड्याळ बंद पडलंय का?" मी पाहिलं, चालू होतं. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. मग दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. चेहरा पीठ लावल्यासारखा. म्हणाले, "मी खाली चाललोय. धर मला. जमीन सोडतेय."

अगानेथा उठली. "डीट्रिख! डीट्रिख, माझ्याकडे बघ! अगं, त्याला झटका आलाय!" तिने दवाखान्यात फोन लावला. तिकडून नर्सने विचारलं असावं, काय खाल्लं. अगानेथा ओरडली, "काय खाणार? आम्ही खाल्लं तेच! पाव, चीज, मुरंबा!"

"नाही," मी म्हटलं, आणि फोन घेतला.

मी सगळं सांगितलं, त्या दोघांच्या समोर. नर्सचा आवाज शांत होता. आडवं करा, पाणी द्या, जवळ बसा, घाबरू देऊ नका, छातीत दुखलं किंवा हाकेला ओ दिली नाही तर लगेच आणा. आणि म्हणाली, पुढच्या वेळी त्यांना माहीत असू दे.

फोन ठेवला तर अगानेथा भिंतीला टेकून उभी होती, जणू मी तिला मारणार होते. तुझ्या बाबांनी डोळे मिटून घेतले होते. संध्याकाळ सरेपर्यंत मी त्यांचा हात धरून बसले. मध्ये एकदा ते स्पष्ट म्हणाले, "फ्रान्झ, फाटक लाव, गायी रस्त्यावर जातील." तू आठ-नऊ वर्षांचा असताना म्हणायचे त्याच आवाजात. हे तुला लिहावं की नाही, मी ठरवू शकले नाही, म्हणून लिहिलं.

नशा उतरल्यावर त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"नाताळच्या आधीपासून."

मग म्हणाले, "मला झोप लागायला लागली तेव्हा मला वाटलं देवाने ऐकलं. रोज सकाळी मी त्याचे आभार मानले. आणि ती तू होतीस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"हो. म्हणालो असतो. ते नाही म्हणणं माझं होतं, युस्टिना."

त्या दिवसापासून ते माझ्या हातचं खात नाहीत. काठी टेकत स्वयंपाकघरात येतात, स्वतः बटाटे उकडतात, अंडी उकडतात. अंडी का, ते मला कळलं. कवचाच्या आत कोणी काही घालू शकत नाही. मी समोर बसते. ते अंडं सोलतात. कवचाचे तुकडे आत जातात, तसेच खातात. मी मदत करू का असंही मला म्हणता येत नाही.

दुखणं पुन्हा पहिल्यासारखं आहे. ऐकू येतं.

तुझी आई


नेल्सन
२२ जानेवारी २०१९

बाबा,

हे पत्र आईला नाही, तुम्हाला आहे. फाडायचं तर वाचून फाडा.

तुमच्या बाबतीत जे झालं ते का झालं, ते तुम्हाला कळावं म्हणून लिहितो. आईने विष घातलं नव्हतं आणि लोणीही वाईट नव्हतं. ते फुटलं होतं. तूप सुटलं, आणि तुमच्या दोन बनांत दहांचं जमा झालं. शेतीच्या जोडीला जन्मभर तुम्ही चीजच्या कारखान्यात दूध सांभाळलं, तुम्हाला फुटणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. एक चमचा लेसिथिन घातलं असतं तर तुम्हाला काही कळलंही नसतं, दुखायचं थांबलं असतं आणि आईने तुम्हाला कधीच सांगितलं नसतं. म्हणून कुठेतरी मला वाटतं, फुटलं ते बरं झालं.

तिने तुम्हाला विचारायला हवं होतं. ह्यात मी तुमच्या बाजूने आहे. तुमच्या बाजूने असण्याची सवय मला नाही, पण आहे.

कोणी आपल्याला न विचारता आपल्याबद्दल ठरवतं तेव्हा कसं वाटतं, ते मला माहीत आहे. सूर्यफुलांच्या रांगांत माझी गांजाची झाडं सापडली त्या दिवशी मी घरातच होतो, वरच्या खोलीत. तुम्ही जिना चढून आला नाहीत. फोनकडे गेलात. पोलिसांची गाडी अंगणात वळली तेव्हा मला कळलं. मी एकोणीस वर्षांचा होतो. तुरुंगात मला राग कमी आणि नवल जास्त वाटायचं. तो जिना तेरा पायऱ्यांचाही नाही.

आता मी तुम्हाला विचारतो. तुम्हाला हे हवं आहे का? नको असेल तर आईला सांगेन, पुन्हा त्या घरात आणू नकोस, आणि ती ऐकेल. हवं असेल तर तुमच्या देखत, तुम्हाला माहीत असताना, तुम्ही ठरवाल तेवढंच. सोबत सूर्यफुलाच्या लेसिथिनची पुडी आहे. ती नुसतीच खाल्ली तरी काही होत नाही. ते फक्त धरून ठेवतं.

फ्रान्झ


शोनफेल्ड
१० मार्च २०१९

प्रिय फ्रान्झ,

उत्तर यायला उशीर झाला कारण मला लिहायला काही नव्हतं. आता आहे.

तुझं पत्र त्यांनी माझ्यासमोर उघडलं. वाचलं. पुडीसकट कोटाच्या खिशात ठेवलं आणि तो कोट ते घरातही घालून बसू लागले. मी विचारलं नाही. ह्या वेळी तेवढं तरी मला कळलं.

गेल्या मंगळवारी अगानेथा आणि मी भांडी घासत होतो. अगानेथा त्या रविवारनंतर दोन आठवडे आली नव्हती. मग आली, ती येण्याआधी उपदेशक विल्म्सना सगळं सांगून आली. तिने मला तोंडावर सांगितलं, "मी सांगितलं. मला झोप येत नव्हती." मी म्हटलं, बरं केलंस. काय म्हणणार?

तर तुझे बाबा दारात आले, काठी टेकून. पुडी टेबलावर ठेवली.

"कर," ते म्हणाले. "मी बघतो."

अगानेथाच्या हातातून फडकं पडलं. "डीट्रिख, तू खरंच..."

"तू घरी जा नाहीतर बस, अगानेथा. उभी राहू नकोस, मला प्रकाश लागतो."

ती बसली.

मी ओव्हन लावला. ते खुर्ची ओढून चुलीजवळ बसले आणि प्रत्येक गोष्ट विचारली. किती वेळ? आच एवढीच का? पाणी का घालायचं? मी तुझं पत्र काढून वाचून दाखवत होते. गाळताना म्हणाले, "फडकं दुहेरी कर." वडी गार व्हायला बाहेर बर्फात ठेवली, कारण त्यांना फ्रीजवर भरवसा नाही. वडी आली तेव्हा त्यांनी ती हातात घेतली, वास घेतला, बोटाने दाबली आणि माझ्या त्या सुंदर वडीला म्हणाले, "ह्यात पाणी आहे. हे फुटणारच." मला राग आला, फ्रान्झ. इतक्या दिवसांनी मला त्यांचा साधा, घरातला राग आला आणि फार बरं वाटलं.

लेसिथिन त्यांनी स्वतः घातलं. चमचा सपाट केला, सुरीने वरचं काढून. मग ढवळत राहिले, माझा हात लागू दिला नाही. आधी वर तुपाचे डोळे तरंगत होते. हळूहळू ते नाहीसे झाले आणि सगळं एकसारखं, दाट, पिवळं-हिरवं झालं. ते बघत बसले. म्हणाले, "बघ. आता वर-खाली राहिलं नाही."

अगानेथा वाकून बघत होती. म्हणाली, "मोहरीच्या सॉससारखं दिसतंय."

जेवायला बसलो तेव्हा त्यांनी पावाच्या तुकड्याला नखाएवढं लावलं आणि प्रार्थना केली. नेहमीची नाही. म्हणाले, "प्रभू, हे काय आहे ते तुला आधीपासून ठाऊक होतं. आता मलाही ठाऊक आहे. ह्यातून बरं वाटलं तर मी तुझे आभार मानीन, आणि युस्टिनाचेही." मग खाल्लं. मग माझ्या हातचं सूपही खाल्लं.

रोज संध्याकाळी तेवढंच घेतात. दुखणं जात नाही, पण थोडं दूर उभं राहतं, असं ते म्हणतात. आणि रोजचं रोज सारखंच आहे, एक दिवसही वर-खाली नाही.

शुक्रवारी उपदेशक विल्म्स आले. टोपी गुडघ्यावर ठेवून बसले. चांगला माणूस आहे, त्यांना अवघड वाटत होतं.

"भाऊ हार्डर, ऐकलं ते खरं आहे का?"

"खरं आहे. आधीचं मला न सांगता होतं. आत्ताचं मी माझ्या हाताने केलंय."

"मंडळीत कुजबुज आहे. तुम्ही एकदा उभं राहून बोललात तर मिटेल. प्रभुभोजनाची भाकर वाटायच्या आधी."

"उभा राहीन," तुझे बाबा म्हणाले. "पण काय बोलायचं ते मी ठरवीन."

काय ते त्यांनी मला सांगितलं नाही.

तुझी आई


शोनफेल्ड
१४ एप्रिल २०१९

प्रिय फ्रान्झ,

आज रविवार. चर्चमधून येऊन कोटही न काढता लिहायला बसलेय.

पेनरच्या थोरल्याने आम्हाला पिकअपमधून नेलं, गाडीत उशा घालून. तुझे बाबा पुरुषांच्या बाजूला पहिल्या बाकाच्या टोकाला बसले. प्रवचन मला ऐकू आलं नाही. शेवटी उपदेशक विल्म्स म्हणाले, "भाऊ हार्डर यांना काही सांगायचं आहे." ते उठले. पेनरचा मुलगा धरायला गेला, त्यांनी मानेने नाही म्हटलं.

जे बोलले ते मला आठवतं तसं लिहिते.

म्हणाले, "मला लोण्याबद्दल बोलायला उभं केलंय. लोण्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. माझी हाडं दुखतात, मी ते खातो, डॉक्टरला माहीत आहे, बायकोला माहीत आहे, देवाला माहीत आहे. कोणाला ते पाप वाटत असेल तर त्याने माझ्या घरी यावं, आम्ही बोलू.

"मी दुसऱ्या गोष्टीसाठी उभा राहिलोय. माझा मुलगा फ्रान्झ. त्याने हेच झाड लावलं होतं, माझ्या शेतात. मी त्याला विचारलं नाही, का लावलंस. तो वर खोलीत होता. मी फोन केला आणि पोलिसांनी त्याला नेलं. त्यानंतरच्या रविवारी मी इथेच बसलो होतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणालात, डीट्रिख, तू बरोबर केलंस. मला उभं राहायला कोणी सांगितलं नाही. तेव्हा सांगायला हवं होतं. कोणी सांगितलं नाही म्हणून मी बसून राहिलो, इतकी वर्षं. तो आज इथे नाही. मी त्याच्याविरुद्ध चुकलो, हे तुमच्यासमोर सांगतो."

आणि तिथेच थांबले. बसले मात्र नाहीत. मला वाटतं त्यांना बसता येत नव्हतं.

अशा वेळी कोणीतरी गाणं उचलायचं असतं, आणि तीस वर्षं ते तुझे बाबाच उचलून द्यायचे. आता टोएव्सचा मुलगा करतो ते काम. तो नुसता पुस्तकाची पानं उलटत होता. मग तुझ्या बाबांनीच सुरू केलं. पहिली ओळ निघाली. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला आणि नुसता श्वास राहिला.

आमच्या बाजूने कोणीतरी ती ओळ धरली. अगानेथा. बायका गाणं उचलत नाहीत, तुला माहीत आहे. तिला तर मुळीच सूर नाही. पण ती उभी राहिली, पर्स छातीशी धरून, आणि समोरच्या भिंतीकडे बघत मोठ्याने गात राहिली, जणू कोणाशी भांडतेय. मग मी. मग सगळे.

नंतर बाहेर काही जण जवळ आले, काही सरळ गाड्यांकडे गेले. विल्म्सनी हात हातात घेतला. प्रभुभोजनाला त्यांना घेतात की नाही ते पुढच्या आठवड्यात कळेल. तुझे बाबा म्हणतात, मिळालं तर घेईन, नाही मिळालं तर ते त्यांचं नाही म्हणणं आहे.

आता ते झोपलेत. डॉक्टर म्हणतात उन्हाळा बघतील, कापणी बघणार नाहीत. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं. मी तुला ये असं म्हणत नाही. यावंसं वाटतं का, एवढंच विचारते. नको वाटलं तरी लिही, मी त्यांना तसंच सांगेन आणि ते ऐकून घेतील.

परत येताना गाडीत ते डोळे मिटून होते. मला वाटलं झोप लागली. वळणावर म्हणाले, "फ्रान्झला लिही."

"काय लिहू?"

"झालं ते. मी चांगला बोललो असं लिहू नकोस. पाय थरथरत होते, तेही लिही."

थरथरत होते, फ्रान्झ. मी बायकांच्या बाजूने बघत होते. गुडघ्यांपासून खाली, विजारीचं कापड हलताना दिसत होतं. पण गाणं संपेपर्यंत ते बसले नाहीत.

तुझी आई